ब्लाझेनाचा डबा आणि माझी कवळी

माझे सगळे दात माझे स्वतःचे आहेत. वय त्र्याहत्तर. खालची एक दाढ थोडी हलते, पण दंतवैद्य म्हणतात की तिची घाई नाही. हे लिहून ठेवावं लागतंय, कारण गेल्या सप्टेंबरपासून आमच्या गावातली बरीच माणसं मला पाहिलं की आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग आपुलकीने विचारतात, "आता नीट बसते ना?" बेकरीतली बाई तर न मागता मला मऊ पाव देते. मला कडक कवचाचा पाव आवडतो. पण मी चाळीस वर्षं नगर वाचनालयात काढली आहेत. तिथे मोठ्याने बोलायची सवय जाते ती कायमची. मागे सहा माणसं उभी असताना 'बाई, मला कवळी नाही' असं सांगणं माझ्याच्याने होत नाही. मी मऊ पाव घेतो आणि घरी येतो.

हे सगळं एका डब्यामुळे झालं. डबा माझ्या बायकोचा, ब्लाझेनाचा. जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. एकाने डबा लपवायचा आणि त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बस, एवढंच. मिळत काहीच नाही. तरी आमच्या देशात चांगली शिकली-सवरलेली माणसं यासाठी रविवारी चिखलात रांगतात, आणि टेकडी आहे पण तिच्यावर डबा नाही असं सहसा होत नाही. नियम एकच कडक: खेळात नसलेल्या माणसाला डबा दिसता कामा नये, आणि तुम्ही तो शोधताय हेही कळता कामा नये.

ब्लाझेनाने आपला डबा एकोणीस वर्षांपूर्वी लिश्चीनच्या पडक्या किल्ल्यावर लपवला. (किल्ल्याचं नाव मी बदललं आहे. का, ते पुढे कळेल.) आमच्या भागातला हा पहिला डबा. आजवर त्याच्या चार वह्या भरल्या. त्या आमच्या पासपोर्टांच्या खणात असतात आणि हिवाळ्यात ती त्या कादंबरीसारख्या वाचते. "ओलोमोउत्सचे नवराबायको पुन्हा आले होते, या वेळी बाळ घेऊन," असं मला सांगते. मी स्वतः लिश्चीनवर कधी गेलो नव्हतो. त्या किल्ल्याबद्दल छापलेला प्रत्येक शब्द मी वाचलेला आहे, त्यामुळे जायची गरज पडली नाही.

ऑगस्टच्या शेवटी ब्लाझेनाचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात खेळावर देखरेख करणाऱ्या माणसाचा निरोप आला. जूनपासून लागोपाठ तिघांना डबा सापडलेला नाही. मालकाने पंधरा सप्टेंबरच्या आत जाऊन बघावं आणि तसं कळवावं, नाहीतर डबा कायमचा बंद करण्यात येईल. कायमचा म्हणजे कायमचा. आणि शेजारच्या गावातला एक बँकवाला आपला डबा तिथे ठेवायला टपून बसलाच होता, हे ब्लाझेनाला ठाऊक होतं.

खुबा कापला तेव्हा ती रडली नव्हती. दवाखान्याच्या खाटेवर निरोप वाचून तिने भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, मी जातो. तिने माझा हात हातात घेतला. मग अगदी मायेने म्हणाली, "नको आल्बीन. तुला तिथे कोणीतरी काहीतरी विचारेल." ती भांडली असती तर मला परवडलं असतं. हे लागलं.

आमच्या खालच्या मजल्यावर कालोउस राहतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, तरी सगळी इमारत त्यांना इंजिनीयरसाहेब म्हणते आणि जिना चढता-उतरता त्यांचा सल्ला घ्यावाच लागतो. त्यांचं मत पडलं की यात शोधण्यासारखं काही नाही. नवा डबा विकत घ्या, नवी वही घाला, ठेवून या, काम संपलं. सल्ला उत्तम होता. पण मी नियमाचा माणूस. जुना किल्ला म्हणजे संरक्षित वास्तू. तिथे काही ठेवायचं तर विचारलेलं बरं, म्हणून मी नगरपालिकेत गेलो.

तिथल्या बाई फार सज्जन होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, नियमांची फाईल काढली आणि समजावलं की जुनी वस्तू तपासायला परवानगी लागत नाही. नवी ठेवायला लागते. अर्ज, नकाशा, वास्तू-संरक्षणवाल्यांचं मत, आणि मग तीस दिवस. पंधरा तारखेला नऊ दिवस उरले होते. मी विचारलं, जुना डबा मिळालाच नाही आणि मी गुपचूप तसाच दुसरा ठेवला तर? त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रिशावीसाहेब, तुम्ही विचारलं नसतंत तर मला कळलं नसतं. आता तुमचं नाव मी लिहून घेतलंय."

म्हणजे आता जुनाच डबा सापडायला हवा होता. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा इंजिनीयरसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनी चालू गाडीपुढे लाल दिवा लावणाऱ्या उमेदवाराकडे पाहिलं असेल. मग म्हणाले की ठीक आहे, आता निदान कोणाच्या डोळ्यांत न भरता शोधा. एकटा म्हातारा झुडपांत काठी घालत फिरला तर लोक पोलिसांना फोन करतील. तिसऱ्या मजल्यावरच्या ओतीलिये बाई तेवढ्यात जिन्यात आल्या आणि त्यांनी आपला कुत्रा देऊ केला. कुत्रेवाल्याला कोणी काही विचारत नाही म्हणाल्या. पण तो कुत्रा मला ओळखतो आणि त्याचं माझ्याबद्दल काही चांगलं मत नाही. शेवटी इंजिनीयरसाहेबांनीच तोड काढली. सप्टेंबर आहे, अळंबीचा हंगाम आहे, वेताची टोपली घ्या. टोपलीवाला माणूस जंगलात दिसतच नाही म्हणाले, झाडासारखाच असतो.

मला ते इतकं पटलं की मी त्यांचीच टोपली मागून घेतली. इथे मी सांगायला हवं की मी कधीही अळंबी गोळा केलेली नाही. आमच्या देशात हे कबूल करणं कठीण आहे. पोहता येत नाही म्हटलं तर लोक समजून घेतात.

शनिवारी सकाळच्या बसने गेलो. ओतीलिये बाईंनी तळलेलं मांस पावात घालून दिलं होतं, ब्लाझेनाचा फोन खिशात होता आणि तिने सांगितलेली खूण पाठ होती: बुरुजाच्या मागे तिसरं झाड, मुळाशी चपटा दगड. झाडांवर लाल पट्टी रंगवलेली वाट धरून चढायला लागलो. वाटेत जो भेटेल त्याला नमस्कार करावा लागतो, हे मला जड जातं, पण तेवढं जमलं. जमलं नाही ते पुढचं. टोपली पाहून प्रत्येक जण नमस्कारापाठोपाठ विचारायचा, "आहे का काही?"

आता या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. ज्याची पिशवी फुटायला आलीय तोही सांगतो, काही नाही हो, सगळं कोरडं. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो हसतो आणि तुमच्या बुटांवरच्या मातीचा रंग बघून ठेवतो. मी प्रामाणिकपणे म्हणायचो, काही नाही. आणि मला लहानपणापासून सवय आहे, अनोळखी माणसाशी बोलताना कानापर्यंत लाल होतो. 'काही नाही' म्हणताना लाल होणारा, भरलेली टोपली नसूनही लगबगीने वर जाणारा म्हातारा. मला वाटत होतं की मी झाड झालो आहे. प्रत्यक्षात माझ्या मागे दोन वळणं ठेवून एक पूर्ण कुटुंब चालत होतं.

लिश्चीन पुस्तकात आहे तसाच आहे: अर्धा बुरूज, एक भिंत, तिच्यात एक टोकदार कमानीची खिडकी, खिडकीत आकाश. मी थोडा वेळ बघत राहिलो. पुस्तकात वारा नव्हता. मग बुरुजामागे गेलो, तिसरं झाड मोजलं, गुडघे टेकले आणि चपटा दगड उचलला. खाली एक गोगलगाय होती.

मी दगड परत ठेवला. पुन्हा उचलला. हा दुसऱ्यांदा उचलण्यातला तर्क मला आजही सांगता येत नाही. मग चौथं झाड पाहिलं, दुसरं पाहिलं, पानं बाजूला सारत सारत गोल वाढवत गेलो. अर्ध्या तासाने कंबर सरळ करायला उठलो आणि पाहिलं, तर त्या उतारावर माझ्याखेरीज अकरा माणसं होती. सगळी खाली मान घालून, सावकाश, एकमेकांकडे न बघता फिरत होती. मी डावीकडे गेलो की सगळी डावीकडे सरकायची. मी थांबलो की कोणीतरी बुटाची नाडी बांधायचं. आमची माणसं सभ्य आहेत. दुसऱ्याच्या जागेवर उघड घुसणार नाहीत. पण एवढा वेळ गुडघ्यांवर रांगणाऱ्याला काहीतरी जबरदस्त ठाऊक आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती.

शेवटी नवे कोरे बूट घातलेला एक उंच माणूस जवळ आला. मागून कुटुंब घेऊन आलेला तो हाच. फार आदराने म्हणाला की आजोबा, जागा तुमची, आम्ही काही तोडणार नाही, पण निदान कुठली आहेत ते तरी सांगा. सगळे उतारावर थांबले. अकरा चेहरे माझ्याकडे. डब्याचं नाव काढायचं नव्हतं. अळंबीची नावं येत नव्हती. मी म्हटलं की मी काही शोधत नाहीये, माझं काहीतरी पडलंय. त्याने विचारलं, काय? मी चष्मा म्हणणार होतो, पण तो नाकावर होता. तोंडाला हात लागला आणि माझ्या तोंडून निघालं:

"कवळी."

त्यानंतर जे झालं त्याचा मला राग नाही, हे आधी सांगतो. ती माणसं चांगली होती. लोकांच्या अळंबीवर डोळा ठेवल्याची लाज त्यांना एकदम वाटली असावी, कारण ती अकराच्या अकरा गुडघ्यांवर बसली. उंच माणसाने ओळी आखून दिल्या. त्याच्या बायकोने विचारलं की वरची का खालची. मी तोंडावर हात ठेवून म्हटलं की वरची. दात आहेत ते लपवायला हात तसाच ठेवावा लागला, आणि त्यामुळे बोलणं खरोखरच बोळक्या माणसासारखं येऊ लागलं. एका बाईने मला थर्मासमधलं कोमट सूप दिलं, म्हणजे चावायला नको. त्यात आमच्याच गावचा टपालखात्यातला माणूस होता. तो म्हणाला, "अरे, हे तर लायब्ररीतले रिशावी," आणि दुप्पट जोमाने शोधू लागला. आयुष्यात इतक्या लोकांनी माझ्यासाठी एकत्र काही केलेलं नाही. आणि मनात एकच धाकधूक: यांच्यातल्या कोणाच्या हाती डबा लागला तर? ब्लाझेनाच्या डब्याचा एकोणीस वर्षांचा मुक्काम तिथेच संपणार होता, आणि संपवणारा मी.

"मिळाली," असा आवाज आला.

भिंतीतल्या खिडकीखालून एक म्हातारी येत होती. डोक्याला रुमाल, अंगात पुरुषी कोट, हातात टोपली नाही. ऐंशीच्या घरातली असावी, पण उतारावर अशी चालत होती जशी बाकीचे स्वयंपाकघरात चालतात. तिच्या मुठीत खिशातल्या रुमालाची एक घट्ट पुरचुंडी होती. ती तिने माझ्या हातात कोंबली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की तिकडे वळून लावून घ्या, आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "गप्प बसून सांगते ते करा."

पुरचुंडीत काही नव्हतं.

मी झाडाकडे वळलो. रिकामा रुमाल तोंडाशी नेला. किती वेळ लावावा हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मनात वीसपर्यंत अंक मोजले. मग वळलो आणि हात काढून हसलो. अकरा माणसांनी टाळ्या वाजवल्या. टपालवाला म्हणाला की फारच नैसर्गिक दिसते, कोणाकडून करून घेतलीत? ती म्हातारी तेवढ्यात सगळ्यांना सांगून मोकळी झाली की बुरुजाखालच्या चुलीत निखारे आहेत, सॉसेज भाजून घ्या. आणि अळंबी म्हणाल तर इथे दगडच दगड, काही येत नाही, पलीकडे तळ्याच्या अंगाला बघा. तिचा चेहरा इतका निष्पाप होता की मीही क्षणभर तळ्याकडे वळलो. दहा मिनिटांत उतार रिकामा झाला.

मग तिने कोटाचं बटण काढलं. आत, अंगाशी बांधलेल्या कापडी पिशवीत, तपकिरी टोप्यांची अळंबी ठासून भरलेली होती. मला दाखवायला नव्हे. पिशवी दबली का ते बघायला.

"तुम्हाला ही जागा कोणी सांगितली?" ती म्हणाली. "एक तासापासून बघतेय. माझी आई मरताना मला ही जागा सांगून गेली, भावालासुद्धा सांगितली नाही. आणि तुम्ही टोपली घेऊन येता, पोरंबाळं गोळा करता."

मी सगळं सांगितलं. डबा, खुबा, पंधरा तारीख, नगरपालिका, बँकवाला. इतकं सलग मी गेल्या काही वर्षांत बोललो नव्हतो. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तो हिरवा डबा? तो तुमच्या बायकोचा?"

डबा तिने जूनमध्ये हलवला होता. एकोणीस वर्षं सहन केलं म्हणाली. एकटा-दुकटा यायचा तेव्हा ठीक होतं. जूनमध्ये सात जणांची टोळी आली आणि त्या चपट्या दगडाभोवती अशी नाचली की पाच दिवस काही उगवलं नाही. तेव्हा तिने डबा उचलला. टाकवेना, कारण आत वही होती आणि वहीत नावं होती. माणसांची नावं कशी फेकायची? म्हणून तीस पावलांवर, जिथे खरंच दगडच दगड आहेत, तिथे वर दगड रचून नीट ठेवला. "तुमच्या लोकांना डोळे फार आहेत," ती म्हणाली, "फक्त आपला पाय कुठे पडतो ते दिसत नाही."

मी तिला तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं आणि मी चमकलो. हर्मीना कोउत्ना. हे नाव मी एकतीस वर्षांत पंधरा वेळा टाईप केलं होतं. 'अळंबींचा सचित्र कोश', नेला तो परत आला नाही. तिला स्मरणपत्रांवरची सही आठवली असावी. मी घाईने म्हटलं की तो कोश केव्हाच बाद पुस्तकांत काढला आहे. ती म्हणाली की त्यात निम्मं चुकीचं होतं, तिने पेन्सिलीने दुरुस्त केलंय.

मग तिने मला शपथ घातली. जागा कोणाला सांगायची नाही, बायकोलाही नाही. ब्लाझेनापासून मी शेहेचाळीस वर्षांत काही लपवलेलं नाही, मला तेवढी कल्पकताच नाही, हे मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, मग डबा शोधा एकट्याने. मी शपथ घेतली.

डबा कोरडा होता. वही पूर्ण भरली होती. मी खिशातली नवी काढून आत ठेवली, पहिल्या पानावर तारीख लिहिली, नाव लिहिलं. डबा तिथेच राहू दिला. मी तो तपासला होता, ठेवला नव्हता. नगरपालिकेच्या बाईंनी विचारलं असतं तरी माझं उत्तर तयार होतं. एवढंच की अक्षांशाचे शेवटचे दोन आकडे बदलून कळवायचे होते, आणि खेळात तेवढं चालतं. तेरा तारखेला कळवलं. चौदाला उत्तर आलं की डबा चालू राहील.

दवाखान्यात ब्लाझेनाने ती भरलेली जुनी वही छातीशी धरली. मग विचारलं की डबा तीस पावलं गेला कसा. मी म्हटलं, एखादं जनावर असेल. ती म्हणाली, "वर दगड रचणारं?" मी तिला संत्रं सोलून दिलं.

पुढच्या रविवारी ब्रनोच्या दोन मुलींनी डबा शोधला आणि इंटरनेटवर सविस्तर लिहिलं. बुरुजाशी घडीच्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला कोण, कुठल्या, कशाला आलात विचारलं, डावीकडून वळसा घालून जायला लावलं, दगड आधी होता तसाच ठेवेपर्यंत डोक्यावर उभ्या राहिल्या आणि मग प्लमचा केक दिला. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी चौघांनी तेच लिहिलं. केक प्रत्येक वेळी होता. ब्लाझेना रोज मला फोनवर वाचून दाखवायची आणि वाचून झालं की गप्प राहायची, म्हणजे मी काही बोलेन. मी हवामानाबद्दल बोलायचो.

ऑक्टोबरच्या मध्यावर तिला घरी आणलं. दोन दिवस आधी टपालवाल्याने मला एक पुडकं दिलं होतं आणि देताना पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत दोऱ्यात ओवून वाळवलेल्या अळंबीची माळ होती, माझ्या हाताएवढी लांब. मी ती कपाटात स्वेटरांमागे लपवली. वाळलेल्या अळंबीला केवढा वास येतो, हे माझ्यासारख्या माणसाला कळायचं काही कारण नव्हतं.

ब्लाझेना कुबड्यांवर दारात आली आणि थांबली. मी तिच्या सपाता पुढे ठेवल्या. तिने सावकाश श्वास घेतला, एकदा, दोनदा. कुबड्या टेकत सरळ कपाटाशी गेली, स्वेटर बाजूला केले आणि माळ काढून खिडकीच्या उजेडात धरली. एकेक काप निरखून पाहिला. हे कापणं कोण्या नवशिक्याचं नाही हे तिला कळलं असणार, आणि बाकीचंही कळलंच असणार, कारण ती हसली. कुठून आणलीस हे मात्र तिने विचारलं नाही. आमच्याकडे ते नवराबायकोतही विचारत नाहीत.

अळंबीबरोबर शिजवायला तिने सातू भिजत घालायला सांगितलं. मी पातेलं काढलं. माझ्याकडे पाठ करून, माळेतले काप सोडवत ती म्हणाली:

"त्या बाईला म्हणावं, एवढी राखण करते तर वहीत एकदा नाव तरी लिही."

"कोणत्या बाईला?" मी म्हटलं, आणि कानापर्यंत लाल होऊन सातू निवडत बसलो.